गोदीवाल्यांची छत्री

फुटबॉल हा धर्मगुरूने लिहावयाचा विषय नव्हे, असे आमच्या काही वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी पन्नास हजार माणसे घरदार सोडून एकाच वास्तूकडे चालू लागतात, वाटेत गाणी गातात, आत जाऊन आशेने बसतात आणि पुष्कळदा खिन्न होऊन परततात. या घटनेकडे धर्मगुरूने पाहू नये तर कोणी पाहावे? माणसांनी एकत्र येणे, त्यासाठी वाट तुडविणे आणि ऊनपाऊस सोसणे, यांच्याशी आमचा पंचवीस-तीस वर्षांचा संबंध आहे. म्हणून इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरी, मर्सी नदीच्या काठावर २०२५ साली उघडलेल्या नव्या फुटबॉल क्रीडागाराविषयी, विशेषतः तेथे जाणाऱ्या वाटेविषयी आणि त्या वाटेवरच्या वाऱ्यापावसाविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

सेमिनरीतील आमचे एक सहाध्यायी त्या भागातील एका धर्मग्रामात सेवा करीत आहेत. त्या वर्षीच्या शरद ऋतूत त्यांच्याकडे काही दिवस मुक्काम घडला आणि एका शनिवारी ते आम्हांस सामन्यास घेऊन गेले. सामना कोणी जिंकला हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. आमच्या मनात राहिली ती वाट.

एव्हर्टन हा लिव्हरपूलमधील जुना संघ. सेंट डोमिंगो नावाच्या मेथडिस्ट प्रार्थनामंदिरातील तरुणांनी १८७८ साली तो सुरू केला आणि पुढच्याच वर्षी त्यास एव्हर्टन हे नाव मिळाले. कॅथलिकांचा संघ तो एव्हर्टन, अशी समजूत त्या शहरात दीर्घकाळ होती. तिला इतिहासाचा भक्कम आधार नाही, तरी वृद्ध मंडळी ती अजून हसत हसत सांगतात. २४ ऑगस्ट १८९२ रोजी या संघाचे गुडिसन पार्क हे मैदान उघडले. चहूबाजूंनी कामगारांची एकास एक चिकटलेली घरे आणि एका कोपऱ्यात अक्षरशः प्रेक्षकसज्जांच्या खांद्याला खांदा लावून उभे असलेले आंग्लिकन पंथाचे सेंट ल्यूक चर्च, अशी त्याची रचना. सामन्याच्या दिवशी या चर्चच्या सभागृहात चहा मिळे. घर, चर्च आणि मैदान या तीन गोष्टी एकाच गल्लीत नांदत होत्या. पुरुषांच्या संघाचा तेथील अखेरचा सामना १८ मे २०२५ रोजी झाला. आता ते मैदान महिलांच्या संघाकडे आहे, ही समाधानाची गोष्ट. नव्या जागी लीगचा पहिला सामना झाला तो २४ ऑगस्ट २०२५ रोजी, म्हणजे गुडिसन उघडल्यास बरोबर १३३ वर्षे झाली त्या दिवशी.

नवी जागा म्हणजे ब्रॅम्ली-मूर गोदी. मर्सी नदीच्या मुखाशी भरती-ओहोटीतील अंतर उधाणाच्या वेळी दहा मीटरपर्यंत जाते. एवढ्या चढउतारात धक्क्याला लागलेले जहाज स्थिर राहणे कठीण. म्हणून या शहराने दरवाजे लावून पाणी अडविणाऱ्या बंदिस्त गोद्या बांधल्या. अशी पहिली गोदी १७१५ साली झाली. पुढे जेसी हार्टली या अभियंत्याने ग्रॅनाइटच्या प्रचंड चिऱ्यांनी उत्तरेकडचा किनारा बांधून काढला आणि १८४८ च्या ऑगस्टमध्ये एकाच दिवशी पाच गोद्या खुल्या झाल्या. ब्रॅम्ली-मूर ही त्यांतील एक. लँकेशायरच्या खाणींतील कोळसा येथून जहाजांत भरला जाई. काळ बदलला, कोळसा संपला, पाणी निश्चल झाले. क्रीडागारासाठी या गोदीत समुद्रतळाची सुमारे पाच लाख घनमीटर वाळू आणून भरण्यात आली. जुन्या भिंती वाळूखाली तशाच जपल्या आहेत आणि पश्चिमेस पाण्याचा एक पट्टा राखला आहे. तरीही अशा कामांमुळे बंदराच्या ऐतिहासिक स्वरूपास बाध येतो, असा निर्णय देऊन युनेस्कोने जुलै २०२१ मध्ये लिव्हरपूलचे नाव जागतिक वारशाच्या यादीतून काढून टाकले. बांधकाम चालू असता २०२३ च्या ऑगस्टमध्ये एक सव्वीस वर्षांचा कामगार तेथे अपघातात दगावला. तो याच संघाचा चाहता होता. प्रत्येक मोठ्या वास्तूच्या पायात कोणाच्या तरी घरचे अश्रू असतात, हे आपण विसरू नये.

वास्तू देखणी आहे, यात संशय नाही. खाली विटांचे भक्कम काम, वर धातूचे गोलाकार छप्पर. ५२ हजारांहून अधिक आसने. त्यांतील दक्षिणेकडची सज्जा एकसंध, डोंगरउतारासारखी चढत गेलेली. गुडिसनमध्ये अनेक जागी खांब आड येत. येथे ती अडचण नाही. चाकांच्या खुर्चीवर येणाऱ्यांची सोयही जुन्या मैदानापेक्षा कितीतरी चांगली. आत बसल्यावर छप्पर वारा अडविते. प्रश्न आहे तो आत पोहोचेपर्यंतचा.

मर्सीचे मुख वायव्येस, आयर्लंडच्या समुद्राकडे उघडते. वारा बहुधा पश्चिमेकडून येतो आणि समुद्रावरून येताना त्यास अडविणारे काहीच नसते. आपल्याकडे आषाढातला पाऊस निदान वरून पडतो. तेथला आडवा येतो. छत्री उघडावी तर ती उलटी होऊन काड्या मोडतात, आणि तेथील जाणते लोक छत्री आणीतच नाहीत. मानेपर्यंत गुंड्या लावलेला कोट, कानांवर ओढलेली लोकरी टोपी आणि खाली घातलेली मान हाच त्यांचा उपाय. त्या वाऱ्याची ताकद अशी, की ७ डिसेंबर २०२४ रोजी लिव्हरपूलच्या दोन्ही संघांमधील गुडिसनवरचा सामना ‘डारा’ नावाच्या वादळामुळे काही तास आधी पुढे ढकलावा लागला. गुडिसन तर नदीपासून चांगले आत, घरांच्या कुशीत आहे. नवे क्रीडागार नदीच्या ओठावर उभे आहे.

आता वाहतुकीचे पाहू. क्रीडागाराजवळचे आगगाडीचे स्थानक म्हणजे सँडहिल्स. तेथून चालत पंधरा-वीस मिनिटे. शहराच्या मध्यभागातील मूरफील्ड्स स्थानक आणि सँडहिल्स यांच्यामध्ये एकही स्थानक नाही. गाडी मधल्या साऱ्या वस्तीच्या डोक्यावरून सरळ निघून जाते. सँडहिल्स हे मुळात लहानसे स्थानक. हजारो माणसे एकाच वेळी फलाटावर चढली तर अनर्थ व्हावयाचा. म्हणून स्थानकाबाहेर अडथळे लावून रांगांसाठी जागा आखली आहे आणि तेथून माणसे थोडी थोडी आत सोडतात. शहरातून खास बसगाड्या सोडतात. सामन्याच्या आगेमागे लगतचे रस्ते वाहनांस बंद असतात आणि आसपासच्या वस्त्यांत रहिवाशांखेरीज कोणास मोटार उभी करता येत नाही. ही बंदी रहिवाशांच्या हिताची खरी. परंतु तेथील छोट्या कारखानदारांनी आणि दुकानदारांनी, आमची गिऱ्हाइके यावीत कशी, अशी तक्रार केली आहे. एकूण काय, तर बहुतेकांस पायीच जावे लागते. शहराच्या मध्यापासून अर्धा तास किंवा अधिक, गोदीच्या लांबच लांब भिंतीच्या कडेने.

आम्हीही तसेच गेलो. जाताना आमच्या मित्रास घाई नव्हती. त्यांच्या मनात परतीची काळजी होती, कारण संध्याकाळी रविवारची आगाऊ मिस्सा त्यांनाच अर्पण करावयाची होती. एका बाजूस हार्टलीची काळी भिंत, दुसऱ्या बाजूस ओस पडलेल्या वखारी, आणि मधून निळ्या गळपट्ट्यांची नदी वाहते आहे. बापाच्या खांद्यावर मुले, काठी टेकीत म्हातारे, ढकलखुर्चीवर एक तरुण. वारा आला की सारी नदी एकदम मान खाली घाली आणि ओसरला की पुन्हा गाऊ लागे. आमच्याकडे मिरवणुकीत पावसाची सर आली म्हणजे ओळी मोडतात. तेथे मोडत नाहीत, फक्त आवाज लहान होतो.

या वाटेवर क्लॅरेन्स गोदीचे जुने प्रवेशद्वार लागते. मित्राने तेथे थांबविले. भिंतीवर एक स्मरणफलक आहे. १८४५ ते १८५२ या आयर्लंडमधील बटाट्याच्या दुष्काळात उपाशी माणसांचे लोंढे याच दारातून इंग्लंडच्या भूमीवर उतरले. एकट्या १८४७ साली लिव्हरपूलला उतरलेल्यांची संख्या सुमारे तीन लाख होती. पुष्कळजण पुढे अमेरिकेस गेले. ज्यांच्याजवळ भाड्याचे पैसे नव्हते ते येथेच, या रस्त्यामागच्या व्हॉक्सहॉलच्या तळघरांत राहिले. त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांतून प्रलापक ज्वर आला. त्या आजाऱ्यांस अखेरचे संस्कार देण्यासाठी तळघरांतून फिरणारे दहा कॅथलिक धर्मगुरू त्या एका वर्षात मरण पावले. शहराच्या दक्षिण भागात सेंट पॅट्रिक चर्चसमोर त्यांच्या स्मरणार्थ क्रूस उभा आहे. त्या धर्मगुरूंना वाटेची अडचण ठाऊक होती. आजारी माणूस चर्चपर्यंत येऊ शकत नव्हता; म्हणून ते चिखल तुडवीत त्याच्यापर्यंत गेले. गळपट्टेवाल्यांची गर्दी आमच्या दोन्ही बाजूंनी जात होती. त्यांतील कितीजणांचे खापरपणजे त्या दारातून आत आले असतील, कोण जाणे.

याच रस्त्यावर एके काळी आणखी एक गोष्ट होती. ती आज नाही, आणि तिच्यासाठीच आम्ही हा लेख लिहावयास घेतला. १८९३ च्या फेब्रुवारीत, गुडिसन उघडल्यानंतर सहाच महिन्यांनी, लिव्हरपूलने या गोदीरस्त्यावर लोखंडी खांबांवरून धावणारी विजेची आगगाडी सुरू केली. विजेवर चालणारी, उंचावरून जाणारी अशी रेल्वे जगात पहिलीच. साऱ्या गोद्यांच्या कडेने ती धावे आणि गोदीकामगारांना थेट कामाच्या दाराशी उतरवी. परंतु लोकांनी तिला जे लाडके नाव दिले ते तिच्या गतीवरून दिले नाही. रुळांखालचा लोखंडी तक्तपोस मैलोगणती सलग होता. ज्यांच्या खिशात तिकिटाचे पैसे नसत ते त्याच्याखालून, पावसात न भिजता, चालत कामावर जात. म्हणून तिचे नाव पडले ‘गोदीवाल्यांची छत्री’. तिकीट काढणाऱ्यास वाहन आणि न काढणाऱ्यास छप्पर! योजना करणाऱ्यांच्या मनात हे दुसरे पुण्य होते की नाही, सांगता येत नाही. घडले मात्र खरे.

या छत्रीखालून आपलीही माणसे गेली असावीत. अँकर लाइन कंपनीच्या बोटी १९६६ पर्यंत लिव्हरपूल आणि मुंबई यांच्यामध्ये उतारूंची ने-आण करीत आणि त्यांवर गोव्याचे कित्येक कॅथलिक बांधव सेवक म्हणून काम करीत. धोबीतलावच्या कुडांत पेटी ठेवून निघालेला एखादा तरुण खलाशी या रस्त्याने रविवारी मिस्सेस जात असेल आणि डोक्यावरच्या लोखंडाचा आडोसा त्यासही मिळत असेल, असे चित्र आमच्या डोळ्यांपुढे आले.

छत्री टिकली नाही. तिच्या खालूनच गोदीची मालगाडी वाफेच्या इंजिनावर धावे. त्या धुराने आणि खाऱ्या ओलाव्याने वरचे लोखंड खाल्ले. दुरुस्तीस सुमारे वीस लाख पौंड लागणार होते. कंपनीजवळ ते नव्हते आणि द्यावयास कोणी पुढे आले नाही. ३० डिसेंबर १९५६ रोजी अखेरची गाडी धावली आणि पुढील दोन वर्षांत सारा सांगाडा उतरविण्यात आला. ज्या रस्त्यावर सत्तर वर्षांनंतर पुन्हा हजारो माणसे पायी चालणार होती, त्याचे छत असे गेले. त्या काळच्या कारभाऱ्यांना भविष्य दिसत नव्हते, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पण हिशेब मांडताना त्यांनी रेल्वेचा तोटा मोजला आणि खालून फुकट चालणाऱ्यांचा आडोसा कोणत्याच रकान्यात धरला नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

दुसऱ्या दिवशी मिस्सेनंतर मित्राच्या धर्मग्रामातील एका वृद्ध गृहस्थांची भेट झाली. वय एक्याऐंशी. वडील गोदीत हमाल होते, हेही तरुणपणी गोदीतच होते. लग्न झाल्यापासून ते गुडिसनपासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहतात. साठाहून अधिक वर्षे सामन्यास गेले. आधी एकटे, मग मुलाला घेऊन, मग नातवाला. नव्या क्रीडागारातील आपली जागा त्यांनी नातवाच्या नावे करून दिली आहे. आम्ही कारण विचारले. ते हसून म्हणाले, “फादर, तिथे खांब आड येत नाही म्हणतात. माझे गुडघे आड येतात.” मग थोड्या वेळाने, हसू मावळल्यावर म्हणाले, “माझा बाप त्या रस्त्याने जायचा तेव्हा त्याच्या डोक्यावर छप्पर होते. माझ्या डोक्यावर नाही. आणि सगळे म्हणतात, जग पुढे गेले.”

त्यांच्यासाठी बस होती. सोयी विचारल्या असत्या तर मिळाल्याही असत्या. परंतु साठ वर्षे जो माणूस कोणास न विचारता, शेजाऱ्याशी बोलत बोलत, आपल्या पायांनी गेला, त्यास आता अर्ज करून, रांगेत उभे राहून, कोणाच्या तरी हाताला धरून जावयाचे होते. त्यापेक्षा तो घरी राहिला. त्यास कोणी दार बंद केले नव्हते. वाट लांबली, एवढेच झाले.

हे ऐकताना आम्हांस योहानाच्या शुभवर्तमानातील बेथेस्दाच्या तळ्याकाठचा रुग्ण आठवला. तोही पाण्याच्या काठीच होता. अडतीस वर्षे तो आरोग्यापासून काही पावलांवर पडून राहिला. तळे सर्वांना खुले होते, त्यास कोणी मनाई केली नव्हती. फक्त त्याला तेथवर नेणारे कोणी नव्हते आणि तो सरपटत जाईतो दुसरा कोणी पुढे होई. प्रभू येशूने त्याला तळ्यात नेऊन सोडले नाही. तो जेथे पडला होता तेथेच प्रभू गेला. आमच्या पाळकीय जीवनातील निम्म्याहून अधिक प्रश्न या एका प्रसंगात आहेत, असे आम्हांस वाटते.

लिव्हरपूलकरांवर टीका करण्याचा आमचा हेतू नाही. ओस पडलेल्या किनाऱ्यावर त्यांनी जीव ओतला आहे; गरीब वस्तीजवळ रोजगार आला आहे; रांगा, बसगाड्या, रस्ते यांची घडी सामन्यागणिक सुधारत आहे. आम्ही सँडहिल्सच्या रांगेत पाऊण तास उभे होतो, वरून भुरभुर चालू होती, आणि रांग सांभाळणारी तरुण मुले प्रत्येक वृद्धास ‘आत या, पुढे या’ म्हणून वाट करून देत होती. मिस्सा दहा मिनिटे उशिरा सुरू झाली. निम्मे भाविक त्याच रांगेतून आले असल्यामुळे कोणी काही बोलले नाही.

आमच्याकडेही असे दिवस येतात. वांद्र्याच्या मोत माउलीच्या सणास आठ दिवस टेकडीवर माणसांचा पूर लोटतो, भाद्रपदातला पाऊस मधूनच झोडपतो, बेस्ट जादा बसगाड्या सोडते. तेथे वाटेवर जागोजाग दुकाने, मंडप, आडोसे असतात. कोणी पाणी देतो, कोणी खुर्ची पुढे करतो. सण टेकडीच्या पायथ्याशीच सुरू होतो. चढणीलाच आपल्या लोकांनी सणाचा भाग मानले आहे, म्हणून थकलेली आजीबाईही तेथे परकी होत नाही.

हे सारे लिहिण्याचे निकडीचे कारण असे, की आमच्या धर्मग्रामात नव्या चर्चचा आराखडा मांडला गेला आहे. जुने चर्च अपुरे पडते, हे खरे. नवी जागा हमरस्त्यापलीकडे आहे, प्रशस्त आहे. बैठकांतून मनोऱ्याची उंची, आतील ध्वनियोजना, मोटारी उभ्या करण्याची जागा यांवर पुष्कळ चर्चा झाली. जुन्या आळीतून पहाटेच्या मिस्सेस रोज पायी येणाऱ्या वीस-पंचवीस वृद्ध स्त्रिया त्या चर्चेस नव्हत्या. त्या कधीच तक्रार करणार नाहीत. एक दिवस त्या यावयाच्या थांबतील आणि आपण म्हणू, वय झाले.

म्हणून आम्ही बैठकीपुढे दोन सूचना ठेवल्या आहेत. पहिली, आराखड्यावर मत घेण्यापूर्वी समितीच्या सर्व सभासदांनी जुलै महिन्यातील एका पहाटे जुन्या आळीपासून नव्या जागेपर्यंत एकदा पायी चालावे आणि त्या स्त्रियांपैकी ज्या येतील त्यांच्या चालीने चालावे. दुसरी, हमरस्ता ओलांडण्याची सोय आणि तेथून चर्चच्या दारापर्यंतची पत्र्याची शेड हा खर्च आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहावा. काही सभासदांस या सूचना किरकोळ वाटल्या. एकाने विचारले, “फादर, शेडसाठी मनोरा वीस फूट कमी करायचा काय?”

आमचे उत्तर होकारार्थी आहे. मतदान पावसाळ्यानंतर व्हावयाचे आहे.